भांड्यावर नाव, बंदुकीवर बाण

काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीची शिट्टी फार छान वाजते. तोंडाची कड खालच्या ओठाला टेकवायची आणि तिरकी फुंकर मारायची. जबलपुरात, त्यातही फॅक्टरीवाल्यांच्या घरांतल्या पोरांना, ही विद्या बाराखडीच्या आधी यायची. नेपियर टाउनमध्ये आमच्या घरामागच्या गल्लीत अशी एक पितळी शिट्टी होती आणि ती पाळीपाळीने सगळ्यांच्या खिशांतून फिरायची. तिच्या बुडावर काहीतरी उमटवलेलं होतं. आम्हाला ती नक्षी वाटायची. एकदा शेजारच्या आप्पांनी ती उलटी करून उन्हात धरली आणि सरळ वाचूनच दाखवली. "के, मधे बाण, एफ. हे त्रेचाळीस. आणि हा रोमन सात. अरे, ही तर पुण्याची! खडकीची."

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. इंग्रज खडकीला किर्की म्हणत, म्हणून के. एफ म्हणजे फॅक्टरी. त्रेचाळीस हे साल. रोमन सात म्हणजे पॉइंट थ्री-नॉट-थ्री काडतुसाचा सातवा नमुना, टोकदार गोळीचा. एवढ्याशा पितळेवर गाव, वर्ष आणि जात एवढं सगळं होतं. मधल्या बाणाबद्दल मात्र आप्पा त्या दिवशी एवढंच म्हणाले, "तो मालकाचा."

आप्पांनी आयुष्यभर आयुध निर्माणीत तपासणीचं काम केलं. जबलपूर हे त्या अर्थाने विचित्र गाव आहे. तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी इथे १९०४ पासून, दुसऱ्या महायुद्धात खमरियाची निर्माणी आली, नंतर लष्करी वाहनांचा कारखाना, शिवाय केंद्रीय आयुध भांडार. आमच्या बालपणी घड्याळ भोंग्यावर लावत. अशा गावात बंदुकीच्या पाठीवरची अक्षरं वाचणारा म्हातारा शेजारी असणं यात नवल काही नाही. नवल मला वाटलं ते आत्ता, इतक्या वर्षांनी, कॅनडातून एक फोटो आला तेव्हा.

माझा भाचा मिसिसॉगाला असतो. तिथे लेकशोर रस्त्यावर एका जुन्या विटांच्या इमारतीत चित्रांचं प्रदर्शन पाहायला तो गेला आणि त्याला कळलं की ही इमारत मुळात बंदुका तपासायची होती. युद्धात इथे लाँग ब्रांच नावाचा कारखाना होता, 'स्मॉल आर्म्स लिमिटेड' ही सरकारी कंपनी तो चालवायची. १९४० मध्ये काम सुरू झालं, १९४१ च्या मध्यावर पहिल्या रायफली बाहेर पडल्या आणि कारखाना थांबेपर्यंत नऊ लाखांहून जास्त झाल्या. कामावर निम्म्याहून अधिक बाया होत्या. कारखाना गेला, तपासणीची इमारत तेवढी राहिली आणि आता तिथे चित्रं टांगतात. भाच्याला चेव आला. पुढच्या आठवड्यात तो एका लष्करी संग्रहालयात गेला, तिथे काचेआड ठेवलेल्या लाँग ब्रांचच्या रायफलीचे जवळून फोटो काढले आणि मला पाठवले. "आप्पाआजोबांना दाखव," असा निरोप.

आप्पा आता नव्वदीकडे झुकलेत. त्यांनी मोबाइल नाकाशी धरला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं : "हे बघ, सीच्या पोटात बाण. कॅनडाच्या घरचं भांडं."

भांड्याची उपमा त्यांचीच, आणि मला ती इतकी चपखल वाटली की पुढचं सगळं मी त्याच वाटेने समजून घेतलं. आपल्याकडे स्टीलच्या डब्यावर, पितळी घागरीवर नाव घालून घ्यायची रीत आहे. दुकानदार टोकदार यंत्राने टिकटिक करत ठिपक्याठिपक्यांनी लिहितो : कुणाकडून, कुणाला, कधी. लग्नकार्यात पन्नास घरांची भांडी एका मोरीत पडतात, तेव्हा कुठली परात कुणाची हे त्या नावावरून ठरतं. बाण म्हणजे हेच. तीन रेघा एका टोकाला मिळालेल्या, चिमणीच्या पावलासारख्या. इंग्लंडच्या राजाच्या मालावर ही खूण काही शतकं पडत आली आहे. तोफांवर, पिंपांवर, तंबूंवर, पुढे ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या कपड्यांवरसुद्धा. अमेरिकेतल्या जंगलात शिडाच्या डोलकाठीजोगा उंच पाइन दिसला की कुऱ्हाडीने त्याच्या खोडावर बाण पाडत. मग ते झाड राजाचं. सतराव्या शतकाच्या अखेरीस कायदाच झाला की बाणाचा माल कुणा खासगी माणसाकडे सापडला तर तो गुन्हेगार. दोरखंडावर ठसा मारता येत नाही, तर आरमाराच्या दोरांत एक धागा मुद्दाम वेगळा, उलट्या पिळाचा घालत. दोर कुठेही कापा, चोर पकडला जाणार.

आणि सरकारने माल रीतसर विकून टाकला, तर? तर पहिल्या बाणाच्या टोकाला टोक भिडवून दुसरा बाण मारायचा. समोरासमोर दोन बाण म्हणजे मालकी फिटली. नाव खोडण्याची इतकी सभ्य रीत मी दुसरीकडे पाहिली नाही.

साम्राज्य वाढलं तशी मुलं वेगळी राहू लागली, पण आडनाव कुणी सोडलं नाही. कॅनडाने बाण इंग्रजी सीच्या पोटात घातला. ऑस्ट्रेलियाने तो दोन डींच्या मधे उभा केला, न्यूझीलंडने एन आणि झेडच्या मधे. दक्षिण आफ्रिकेचा बाण यूमध्ये. आणि हिंदुस्थानच्या बाणाला आय जोडलेला. वाटण्या झालेल्या भावांनी घरातल्या एकाच नमुन्याच्या तांब्यांवर आपापलं आद्याक्षर घालावं, तसं.

हे सगळं हौसेचं नव्हतं. काडतूस सगळ्यांचं एकच, थ्री-नॉट-थ्री. रायफलीची घडण जवळपास एकच. आणि फौजा एकमेकींना खेटून लढत होत्या. मे १९४४ मध्ये इटलीत गारी नदी ओलांडताना आठव्या हिंदी डिव्हिजनच्या पायदळाला साथ होती ती कॅनडाच्या रणगाड्यांची. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणही होती. तिच्यातल्याच नामदेव जाधवांना पुढच्या एप्रिलमध्ये सेनियो नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा गर्दीत, धुळीत, जखमींबरोबर मागे पाठवलेल्या सामानाच्या ढिगात कुठली वस्तू कुणाच्या हिशेबाला लावायची, हे ठसाच सांगणार.

आता फोटोकडे. रायफलीच्या डाव्या कुशीवर तीन गोष्टी होत्या : 'नंबर ४ मार्क १' आणि त्यापुढे एक तारा, खाली 'लाँग ब्रांच', त्याखाली '१९४३'. तारा पाहून मी म्हणालो, "काहीतरी खास असेल ही." आप्पा हसले. "तारा म्हणजे बढती नव्हे रे. तारा म्हणजे काहीतरी वजा केलंय."

हे मला फार आवडलं. हॉटेलापासून फौजदारापर्यंत तारा वाढला की मान वाढतो, आणि इथे नेमकं उलट. मूळ चार नंबरच्या रायफलीत बोल्ट बाहेर काढायला एक छोटी कळ होती. घाईच्या दिवसांत ती बनवायला वेळ आणि यंत्रं लागत. कॅनडाने आणि अमेरिकेच्या सॅव्हेज कंपनीने ती कळ काढून टाकली आणि बोल्ट सरकतो त्या वाटेतच एक खाच पाडली; खाचेशी बोल्ट आणून त्याचं डोकं वर फिरवा, बोल्ट मोकळा. एक भाग कमी, नावापुढे तारा. पहिल्या महायुद्धातही असंच घडलं होतं. आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं दिसलेली ती जाडजूड, नाक चपटं असलेली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे एक नंबर मार्क तीन, तिच्याही नावापुढे तारा असतो. तो १९१६ च्या सुमाराचा. मॅगझिन बंद ठेवायची पट्टी, लांबवर सामुदायिक मारा करायचं बाजूचं निशाण, अशा गोष्टी तेव्हा गाळल्या. युद्ध लांबलं की तारे वाढतात.

मग नंबर. लाँग ब्रांचच्या नंबरात आधी एक-दोन आकडे, मधे एल, पुढे चार आकडे. एल म्हणजे लाँग ब्रांच, सरळ आहे. पण इथेच नवख्याचा पाय घसरतो. याच नमुन्याच्या दुसऱ्या काही रायफलींच्या नंबरात मधे सी असतो, आणि लोक आनंदाने ओरडतात, कॅनडा! तो सी कॅनडाचा नाहीच. तो चिकोपी फॉल्सचा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या गावाचा, जिथे सॅव्हेजचा कारखाना होता. त्या रायफलींवर इंग्रजीत 'अमेरिकेची मालमत्ता' असंही ठोकलेलं असतं, कारण त्या ब्रिटनला उसन्या दिलेल्या होत्या. परक्याच्या घरी गेलेला डबा. कॅनडाचा सी नंबरात शोधायचा नाही, बाणाभोवती शोधायचा.

कॅनडा लांब समुद्रापार, तिथे बॉम्ब पडायचे नव्हते, म्हणून त्याने गावाचं नाव बिनदिक्कत लिहिलं. खुद्द ब्रिटनमधल्या कारखान्यांना ती चैन नव्हती. बर्मिंगहॅमजवळच्या बीएसए कंपनीच्या युद्धकालीन रायफलींवर कंपनीचं नाव सापडत नाही. एम-४७ असा सांकेतिक आकडा सापडतो. एम म्हणजे मध्य भाग, एन म्हणजे उत्तर, एस म्हणजे दक्षिण. शत्रूच्या हाती रायफल पडली तरी कारखान्याचा पत्ता पडायला नको.

आप्पांना मात्र या सगळ्यापेक्षा बारीक ठशांत रस. तपासनिसाचा जीव तिथेच अडकलेला असतो. ली-एन्फील्डवर, म्हणजे या थ्री-नॉट-थ्री घराण्यातल्या रायफलींवर, नंबर एका जागी नसतो. मूळ सांगाड्यावर असतो, बोल्टवर असतो, जुन्या एक नंबर रायफलीत तर नळीवर, पुढच्या टोपीवर, निशाणाच्या पट्टीवरही असतो. का? कारण हे भाग एकमेकांसाठी हाताने बसवलेले असतात. काडतूस नळीत शिरलं की त्याचं बूड आणि बोल्टचं तोंड यांच्यामध्ये किती जागा राहते यावर सगळं अवलंबून. जागा कमी पडली तर बोल्ट मिटत नाही. जास्त झाली तर गोळी सुटताना पुंगळी मागे ताणली जाऊन फाटते, आणि तापलेला वायू उलटा येतो तो थेट गाल टेकवलेल्या माणसाकडे. म्हणून चार नंबरच्या रायफलीत बोल्टचं डोकं सुटं ठेवलं आणि ते चार मापांत बनवलं : ०, १, २, ३. एका मापापासून दुसऱ्यात फरक इंचाच्या जेमतेम तीन हजारांशाचा. झिजलेल्या रायफलीला शून्य नंबर ढिला झाला की एक, मग दोन. चष्म्याचा नंबर वाढत जावा तसं रायफलीचं वय बोल्टच्या डोक्यावर कळतं. आप्पा गेज हातात धरल्यासारखी बोटं करून म्हणाले, "गो गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, नो-गोवर मिटता कामा नये. झालं. याच दोन वाक्यांवर माझा संसार झाला."

लाकडी दस्त्याच्या मागच्या टोकाशीही एखादं अक्षर असतं, बहुतेकांना ते दिसतही नाही. एल म्हणजे लांब, एस म्हणजे आखूड, बी म्हणजे त्याहून आखूड, आणि मधल्या मापावर काहीच नाही. शिपायाच्या हाताची लांबी पाहून दस्ता बदलत. शिंप्याचं माप बंदुकीला! एवढं मोठं साम्राज्य, लाखो माणसं, आणि कुणीतरी बसून विचार केला होता की बुटक्या माणसाचं बोट चापापर्यंत नीट पोचलं पाहिजे.

कॅनडाची ही रायफल येण्याआधी त्यांनी एक हट्ट करून पाहिला होता, तो सांगायलाच हवा. रॉस रायफल. सर चार्ल्स रॉस यांनी क्वेबेकमध्ये बनवलेली, नेमबाजीच्या स्पर्धांत भल्याभल्यांना हरवणारी, अचूक, देखणी. दस्त्यावर पलटणीचे ठसे असत. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियमच्या ईप्र गावापाशी चिखलात आणि विषारी वायूत ती उतरली आणि तापल्यावर तिचा बोल्ट अडकू लागला. शिपाई बुटाने, फावड्याने ठोकून बोल्ट उघडत. कित्येकांनी ती टाकून दिली आणि पडलेल्या ब्रिटिश शिपायांच्या ली-एन्फील्ड उचलल्या. त्याच लढाईत काही दिवसांनी, २६ एप्रिलला, आपली लाहोर डिव्हिजन शेजारी येऊन लढली. १९१६ मध्ये रॉस आघाडीवरून मागे घेतली गेली. भांडं देखणं, पण चुलीवर टिकलं नाही.

आपल्या घरच्या भांड्यांकडे येतो. हिंदुस्थानच्या रायफली कोलकात्याजवळच्या ईशापूरला घडल्या. मुकुट, त्याखाली जी-आर-आय, मग ईशापूर, साल आणि नमुना, असा उजव्या अंगाचा मजकूर. इंग्लंडमध्ये घडलेल्या रायफलीवर नुसतं जी-आर, जॉर्ज राजा. आपल्याकडे शेवटी आय वाढला, लॅटिन 'इंपरेटर', सम्राट. तो इंग्लंडचा राजा आणि आपला सम्राट, म्हणून आपल्या ठशात एक अक्षर जास्त. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकाचे सिंह आले, पण रायफलीचा नमुना तोच राहिला, मार्क तीन आणि तारा. साठच्या दशकात ईशापूरने याच घडणीत ७.६२ मिलिमीटरचं नवं काडतूस बसवलं आणि त्या रायफलीवर टू-ए, टू-ए-वन असं नाव पडलं. साचा तोच, शिक्का नवा. प्रजासत्ताक लोखंडावर कसं उतरलं ते तिथे हाताने चाचपून पाहता येतं.

काही ठसे वाचून मात्र हसू येत नाही. ईशापूरने कित्येक थ्री-नॉट-थ्री रायफलींची नळी पोखरून त्या पॉइंट फोर-वन-झीरो केल्या, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला, एका वेळी एकच गोळी. देशी पोलीस आणि पहारेकऱ्यांच्या हाती द्यायला. काम चोख, ठसा सुबक, आणि त्या ठशाचा अर्थ एवढाच, की राज्यकर्त्याचा तुमच्यावर भरवसा नाही. त्यामानाने डीपी हा ठसा निरागस. डीपी म्हणजे फक्त कवायतीसाठी. नळीला भोक, अंगावर पांढरा पट्टा, गोळी झाडायला निकामी. एनसीसीत अशीच एक माझ्या वाट्याला यायची. 'बाजू शस्त्र' करताना तिचं वजन मात्र पूर्ण असायचं.

आणि खोटे ठसे! खैबर खिंडीजवळच्या दऱ्यांतले लोहार पिढ्यान् पिढ्या इंग्रजी रायफलींची हुबेहूब नक्कल करत आलेत. लोखंडाची नक्कल इतकी बेमालूम की थक्क व्हावं, पण घडवणाऱ्याला अक्षर वाचता येत नव्हतं. मग 'एन' उलटा पडतो. एन्फील्डच्या स्पेलिंगमधलं एखादं अक्षर गळतं. मुकुटाखाली व्हिक्टोरिया राणीची अक्षरं आणि त्याखाली साल राणी वारल्यानंतरचं, म्हणजे १९०१ च्या पुढचं. हात उस्ताद, पण शिक्क्याचं अक्षर त्याला कळत नव्हतं, आणि तिथेच तो पकडला जातो.

जबलपूरला याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. २०१८ मध्ये इथल्या आयुध भांडारातून निकामी ठरवलेल्या एके-४७ बाहेर नेऊन, पुन्हा जुळवून, बिहारमधल्या मुंगेरला विकल्या गेल्याचं प्रकरण उघडकीला आलं आणि पुढे तपास एनआयएकडे गेला. त्या आठवड्यात गल्लीत दुसरा विषय नव्हता. आप्पा तेव्हा बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "कागदावर मेलेली बंदूक बाहेर जिवंत फिरली तर नंबराला काय अर्थ राहिला?"

या वेळी मात्र ते खुशीत होते. फोटो संपले तसा त्यांनी भाच्याला थेट फोन लावायला सांगितला. तिकडे सकाळचे सात वाजले होते.

"आजोबा, नमस्कार. कळलं का काही?"

"सगळं कळलं. पण तू बोल्टचा नंबर धाडला नाहीस. मुठीच्या मुळाशी असतो बघ, मागच्या बाजूला. जाशील तेव्हा काढ."

भाचा गुणी आहे. पुढच्या रविवारी परत गेला. काचेला मोबाइल चिकटवून काढलेला फोटो, थोडा अंधारा. आप्पांनी खिडकीशी जाऊन तो वाचला, मग सांगाड्यावरच्या नंबराचा फोटो काढला, पुन्हा बोल्टचा. दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. जुळत नव्हते.

"बोल्ट परका आहे," ते म्हणाले. "दहा जण एकत्र बसून रायफली साफ करतात, बोल्ट काढून एका सतरंजीवर ठेवतात, आणि मग शिट्टी होते. कार्यालयाबाहेर चपलांचं होतं ना, तसं."

"मग आता?"

"आता काय? हिचा खरा बोल्ट घालून कुणीतरी घरी गेलाय."